मांडीवरचं बाळ आणि शेजारची पाटी

इंग्लंडमधल्या संग्रहालयांत आणि जुन्या सरदारी वाड्यांत गेली काही वर्षं एक भांडण चालू आहे. भिंतीवरच्या चित्राशेजारी जी वीतभर पाटी असते, तिच्यावर काय लिहायचं? चित्रकाराचं नाव, साल आणि दोन कौतुकाचे शब्द, की चित्रातल्या माणसांचा पैसा कुठून आला याचा हिशेबही? २०२० च्या सप्टेंबरात जुने वाडे जतन करणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने आपल्या ताब्यातल्या ९३ वास्तूंचा वसाहतींशी आणि गुलामगिरीशी असलेला संबंध सांगणारा अहवाल काढला आणि ठिणगी पडली. २०२३ मध्ये लंडनमधल्या टेट ब्रिटन या कलासंग्रहालयाने आपली चित्रं नव्याने मांडली तेव्हा तोच वाद पुन्हा उफाळला. एक बाजू म्हणते, आम्ही चित्र बघायला आलोय, आरोपपत्र वाचायला नाही. दुसरी म्हणते, या रेशमाची किंमत कुणी मोजली ते सांगणार नसाल, तर तुम्ही सरदारांची भाटगिरी करताय. दोन्हीकडे शहाणी, अभ्यासू माणसं आहेत. तरीही हा वाद चुकीच्या जागी उभं राहून घातला जातोय असं मला वाटतं. ते का, हे सांगायला एकच चित्र पुरेसं आहे.

डेव्हनशरची डचेस जॉर्जियाना आणि तिची मुलगी यांचं हे चित्र जोशुआ रेनॉल्ड्सने १७८४ मध्ये काढायला घेतलं. १७८६ मध्ये ते रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनात लागलं आणि आज डर्बीशरमधल्या चॅट्सवर्थच्या वाड्यात आहे. आईचा चेहरा एका बाजूने दिसतो. पोशाख काळा आहे. तिचे वडील १७८३ च्या ऑक्टोबर अखेरीस वारले होते, तेव्हा हा काळा रंग सुतकाचा असावा. मांडीवर पांढऱ्या झबल्यातलं बाळ आहे. आईने एक हात उंचावलाय आणि ते पाहून बाळाने दोन्ही हात वर फेकलेत. आपण सगळ्यांनी घरात हजारदा पाहिलेला खेळ आहे हा. बाकी मागे लाल पडदा वगैरे सरदारी थाटाचा सरंजाम आहेच, पण नजर तिकडे जातच नाही. इंग्लंडात राहणाऱ्या माझ्या मामेबहिणीबरोबर या चित्रावरून एकदा बोलणं झालं, तेव्हा ती म्हणाली, "अरे, आधी ते बाळ बघ. पाटी काय वाचत बसलायस!" तिचं अर्धं बरोबर होतं. आधी बाळच बघायला हवं. पण बाळ नीट बघितलं की पाटी टाळता येत नाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे: या चित्रातली माया खरी आहे, आणि ती मायाच या चित्राचं राजकारण आहे. भांडणाऱ्या दोन्ही बाजू एक गोष्ट न बोलता गृहीत धरतात. आई आणि लेक हा घरातला मामला, आणि सत्ता, पैसा, कायदा हे सगळं घराबाहेरचं. म्हणून एक बाजू म्हणते की घरातल्या प्रेमात बाहेरचं राजकारण आणू नका, आणि दुसरी म्हणते की हे प्रेम म्हणजे बाहेरच्या राजकारणावर टाकलेली शाल आहे. अठराव्या शतकातल्या इंग्लंडात अशी भिंत नव्हतीच. बाळाला कुणी पाजायचं, कुणी खेळवायचं, बाळ कुणाच्या मालकीचं, हे त्या काळचे उघड सार्वजनिक प्रश्न होते.

पहिल्या बाजूचं जे खरं आहे ते आधी मान्य करतो. पाट्यांची एक ठरीव भाषा झाली आहे. कुठल्याही सरदाराच्या चित्राखाली 'या घराण्याची संपत्ती वसाहतवादी व्यवस्थेशी निगडित होती' असं वाक्य बसतं. ते वाचून आपल्याला ना घराणं कळतं ना व्यवस्था. जे वाक्य शंभर चित्रांखाली चालतं, ते शंभरापैकी एकाही चित्राबद्दल काही सांगत नाही. शिवाय यात एक अन्यायही होतो. चित्रातली बाई नवऱ्याच्या खातेवहीतली एक ओळ होऊन बसते. त्या काळच्या इंग्रजी कायद्यात लग्न झालेल्या बाईची स्वतंत्र मालमत्ता जवळजवळ नसायचीच. जिच्या नावावर काही नव्हतं, तिच्या चेहऱ्याखाली सगळा हिशेब मांडायचा आणि चित्रात नसलेला नवरा नामानिराळा राहायचा, हे बरोबर नाही. आणि रेनॉल्ड्सची करामत खरोखर मोठी आहे. अकॅडमीचा पहिला अध्यक्ष, १७८० च्या दशकात पूर्ण उंचीच्या चित्राला २०० गिनी घेणारा, थोर इटालियन चित्रकारांचं व्याकरण कोळून प्यायलेला माणूस. तो डचेसला देवी करू शकला असता, आणि इतर बायकांना त्याने तसं केलंही. इथे त्याने तिला बाळाशी हातवारे करणारी आई केलं. वर्षाच्या मुलाला एका जागी बसवून चित्र काढणं किती अवघड असतं ते कुठल्याही फोटोग्राफरला विचारा. ते वर फेकलेले हात पकडणं हीच चित्रकला आहे, आणि ती बघायला कुणी आलं तर त्याला अपराधी वाटायला लावण्याचं कारण नाही.

पण हा घरगुती, खासगी क्षण आहे, त्याला एकटं सोडा, असं जेव्हा ही बाजू म्हणते तेव्हा ती चित्राचाच इतिहास विसरते. हे चित्र आधी सॉमरसेट हाउसमध्ये लोकांसमोर लागलं. शिलिंगभर पैसे देऊन कुणीही आत येऊ शकत होता. पुढे त्यावरून छापील चित्रंही निघाली. आणि ज्या लोकांनी ते पाहिलं त्यांना ही बाई कोण हे चांगलं ठाऊक होतं, कारण दोनच वर्षांपूर्वी सगळं लंडन तिच्याबद्दल बोलत होतं. त्यांना ठाऊक असलेली गोष्ट आपल्यापाशी पोहोचते ती थेट महाराष्ट्रातून.

मराठ्यांशी चाललेलं इंग्रजांचं पहिलं युद्ध १७ मे १७८२ च्या सालबाईच्या तहाने संपलं. वडगावला हात पोळलेले, हैदर अलीशीही झुंज चाललेली. ईस्ट इंडिया कंपनी कर्जात बुडाली होती. तिला वेसण घालायला मंत्रिमंडळातल्या चार्ल्स जेम्स फॉक्सने १७८३ च्या नोव्हेंबरात पार्लमेंटात भारतविषयक विधेयक मांडलं. कंपनीचा कारभार सात आयुक्तांच्या हाती द्यायचा अशी त्यातली तरतूद होती. खालच्या सभागृहात ते पास झालं. लॉर्डांच्या सभागृहात १७ डिसेंबरला ९५ विरुद्ध ७६ मतांनी पडलं आणि राजाने दुसऱ्याच दिवशी मंत्रिमंडळ बरखास्त केलं. मग आली १७८४ ची निवडणूक. वेस्टमिन्स्टरच्या जागेसाठी फॉक्स उभा होता आणि त्याच्यासाठी रस्त्यारस्त्यांतून, दुकानादुकानांतून मतं मागत फिरत होती जॉर्जियाना. मतदान १ एप्रिलला सुरू झालं आणि १७ मेला संपलं. सालबाईच्या तहाला त्या दिवशी बरोबर दोन वर्षं झाली होती. विरोधी उमेदवारांपैकी हूडला ६६९४ मतं पडली, फॉक्सला ६२३४ आणि दुसऱ्या विरोधकाला, रेला, ५९९८. दोन जागांपैकी दुसरी फॉक्सने २३६ मतांनी घेतली.

आता बघा, या काळात तिच्यावर चिखल कुठला उडाला. मतासाठी खाटकाचे मुके घेते, ही अफवा तर सर्वांना माहीत आहे. पण व्यंगचित्रकारांचा दुसरा, जास्त जिव्हारी लागणारा वार तिच्या आईपणावर होता. मुलगी १२ जुलै १७८३ ला जन्मलेली, म्हणजे मतदान सुरू झालं तेव्हा जेमतेम नऊ महिन्यांची. एका व्यंगचित्रात डचेस कोल्ह्याला अंगावर पाजते आहे, कारण फॉक्स म्हणजे कोल्हा, आणि तिचं स्वतःचं बाळ बाजूला रडतंय. दुसऱ्यात तिचा नवरा, ड्यूक, घरी बसून बाळाचे लंगोट बदलतोय. विरुद्ध पक्षाच्या सरदारणीही मतं मागत फिरत होत्या, पण टीकेचा नेम जॉर्जियानावर राहिला. राजकारणात पाऊल टाकणाऱ्या बाईला 'आधी घर सांभाळ' म्हणायची रीत किती जुनी आहे! आणि रेनॉल्ड्ससमोर ती मुलीला घेऊन बसली ती त्याच वर्षी. हे चित्र म्हणजे त्या व्यंगचित्रांना दिलेलं उत्तर होतं असा पुरावा माझ्या हाती नाही, म्हणून तसं ठासून म्हणत नाही. पण कोल्ह्याला पाजणारी डचेस ज्यांनी दुकानांच्या खिडक्यांत पाहिली होती, त्यांनी मुलीला खेळवणारी डचेस सॉमरसेट हाउसच्या भिंतीवर पाहिली तेव्हा पहिलं चित्र त्यांच्या मनातून पुसलं गेलेलं असेल का? एवढ्या गदारोळानंतर मांडीवरचं बाळ ही साधी गोष्ट कशी राहील?

म्हणजे पहिल्या बाजूला माझं सांगणं एवढंच की राजकारण आम्ही आणत नाही, ते आधीपासून चित्रात बसलेलं आहे.

आता दुसरी बाजू. तिचं म्हणणं मला जास्त जवळचं आहे, म्हणूनच तिच्यावर माझा राग थोडा जास्त आहे. तिचा सगळ्यात बळकट मुद्दा हा, की अशी मोकळी, निवांत माया ही पैशाने मिळालेली सवलत होती. दुपारी मुलाशी खेळायला वेळ कुणाला होता? डेव्हनशर घराण्याच्या उत्पन्नात जमिनीच्या खंडाबरोबर स्टॅफर्डशरमधल्या एक्टनच्या तांब्याच्या खाणीचा वाटा होता. त्या दशकांत तांब्याला मोठी मागणी होती, कारण आरमाराच्या जहाजांचे तळ तांब्याच्या पत्र्यांनी मढवले जात होते. बक्स्टनमधली ती सुंदर अर्धचंद्राकार इमारत याच तांब्याच्या पैशातून ड्यूकने उभी केली. आणि खाणीच्या तोंडाशी वर आलेला दगड फोडायला, निवडायला बायका आणि मुलं होती. चित्रातल्या मुलीच्या वयाची पोरं त्या बायकांनाही असणारच. त्यांना वर फेकायला हात मोकळे कधी मिळत असतील? हा प्रश्न रास्त आहे. चॅट्सवर्थमध्ये उभं राहून तो विचारायलाच हवा. 'वसाहतवादी व्यवस्थेशी निगडित' या शब्दांपेक्षा 'एक्टनचं तांबं' हे दोन शब्द कितीतरी जास्त सांगतात.

आणि ज्या हातांशिवाय चित्रातलं ते निवांतपण शक्य नव्हतं, ते हात चित्रात नाहीत. अशा घरांत बाळाभोवती दायांचा, मोलकरणींचा ताफा असे. जॉर्जियानाने पाळणा हलवायला ठेवलेली एक बाई दारू पिऊन आली आणि बाळाच्या बिछान्याला दारूचा वास यायला लागला, म्हणून तिला काढून टाकलं, असं तिने आपल्या आईला पत्रात कळवलं आहे. पत्रातून ती बाई आपल्यापर्यंत पोहोचते ती एवढीच. ती रात्र रात्र जागायची का, तिचं स्वतःचं मूल कुठे होतं, कुणी विचारलं नाही. रेनॉल्ड्सच्याच दुसऱ्या एका चित्राची इथे आठवण होते. ते बर्लिनच्या संग्रहालयात आहे, १७६५ च्या सुमाराचं. रॉबर्ट क्लाइव्हचा चुलतभाऊ जॉर्ज, भारतातून पैसा करून परतलेला, त्याची बायको, छोटी मुलगी, आणि मुलीला सावरत गुडघे टेकलेली एक हिंदुस्थानी आया. इथे मात्र आया चित्रात आहे, कारण ती भारतातल्या कमाईचा पुरावा आहे, गालिच्यासारखा, दागिन्यासारखा. इंग्रज दाई चित्राबाहेर ठेवली जाते, हिंदुस्थानी आया दाखवायला आत घेतली जाते, आणि नाव दोघींनाही मिळत नाही. आपल्याकडे संभाजीराजांना दूध पाजणाऱ्या कापूरहोळच्या धाराऊचं नाव साडेतीनशे वर्षांनंतरही शाळेतली मुलं सांगतात. ते नाव टिकलं ते राजपुत्रामुळे, हे खरं. पण टिकलं. दाईला नाव असू शकतं, एवढं तरी त्यातून सिद्ध होतं.

इथपर्यंत मी या बाजूबरोबर आहे. पण इथून पुढे ती जे पाऊल टाकते ते मला मान्य नाही. ती म्हणते की म्हणून ही माया दिखाऊ आहे, मालकीवर चढवलेला मुलामा. जॉर्जियानाच्या बाबतीत हे साफ चुकीचं आहे, आणि चूक अशी की ज्यांच्यासाठी ही बाजू लढते त्या बायकांचंच नुकसान करणारी.

तिचं लग्न १७७४ मध्ये झालं, वयाच्या सतराव्या वर्षी, इंग्लंडातल्या सगळ्यात श्रीमंत घरांपैकी एकात. घराला वारस हवा होता. वारस म्हणजे मुलगा. गर्भपात होत राहिले, वर्षं गेली, कुजबुज वाढली. नऊ वर्षांनी मूल झालं ती मुलगी. आपल्या घरांतून अशा वेळी जे सुस्कारे टाकले जातात ते इथे कुणाला समजावून सांगायला नकोत. आणि मग या मुलीला तिने स्वतः अंगावर पाजायचं ठरवलं. त्या वर्गात रीत दाई ठेवण्याची होती. सासरच्यांना तिचं हे पाजणं खुपलं, कारण आई पाजत राहिली तर पुढची गर्भधारणा लांबते, आणि त्यांना घाई मुलाची होती. हे नीट बघा. एका बाजूला घराण्याचं नाव, वाडे, खाणी, पार्लमेंटातल्या जागा यांचा वारस, आणि दुसऱ्या बाजूला एका मुलीच्या तोंडचं दूध. जॉर्जियानाने मुलीची बाजू घेतली. फ्रेंच विचारवंत रूसोचं मुलांच्या संगोपनावरचं 'एमिल' हे पुस्तक १७६२ मध्ये आल्यापासून आईने स्वतः पाजावं हा विचार फॅशनमध्येही होता, हे खरं. पण फॅशन म्हणून करणं आणि सासरच्या विरोधात रेटून करणं यात फरक आहे. या चित्रातल्या खेळामागे ते दूध आहे. त्याला मुलामा म्हणणाऱ्याला मी एवढंच विचारेन, की वारसाच्या व्यवस्थेला त्या घरात दुसरा कुठला विरोध शक्य होता?

याहून मोठी गोष्ट कायद्याची. मांडीवरचं ते बाळ कायद्याने तिचं नव्हतं. मुलांचा ताबा सर्वस्वी बापाचा. आईला निदान सात वर्षांखालच्या मुलांसाठी कोर्टात अर्ज करता यावा एवढी फट इंग्लंडच्या कायद्यात पडली ती १८३९ मध्ये, तीही कॅरोलाइन नॉर्टन या बाईने आपली मुलं हिरावली गेल्यावर वर्षानुवर्षं लेखणी झिजवल्यानंतर. म्हणजे रेनॉल्ड्सच्या चित्रात आपण जी सर्वात भक्कम, सर्वात नैसर्गिक पकड बघतो, ती त्या खोलीतली सर्वात कच्ची गोष्ट होती. ड्यूकच्या मनात आलं की तुटणारी. ही माहिती कळल्यावर बाळाचे वर गेलेले हात पूर्वीसारखे दिसतात का? मला नाही दिसत. आणि त्यामुळे चित्र कमी सुंदर होत नाही. उलट आता त्याच्याकडे बघताना घशाशी काहीतरी दाटतं.

काही जण म्हणतील, तुम्ही आजचे प्रश्न अडीचशे वर्षांपूर्वीच्या माणसांना विचारताय. हा आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा, कारण असा प्रमाद खूप जण करतात. पण इथे प्रश्न आजचे नाहीतच. १७८६ मध्ये हे चित्र प्रदर्शनात लागलं, त्याच वर्षी मेरी वुलस्टनक्राफ्ट नावाची तरुण बाई आयर्लंडमधल्या किंग्जबरो या सरदार घराण्यात मुलींना शिकवायला राहिली. तिने घरातली आई आणि लेकी जवळून पाहिल्या, कुत्र्यांचे लाड पाहिले, मुलींकडचं दुर्लक्ष पाहिलं, आणि १७९२ मध्ये स्त्रियांच्या हक्कांवर जे पुस्तक लिहिलं त्यात अशा आयांवर कडाडून हल्ला चढवला. ऐषआरामातल्या बाईला माणूस म्हणून वाढूच दिलेलं नसतं, मग ती आई म्हणून तरी कशी वाढेल, असा तिच्या म्हणण्याचा रोख. सरदारी आईपणाची चिकित्सा त्याच काळात, त्याच वर्गाच्या घरात पगारावर राहणाऱ्या बाईने केलेली आहे. चित्रकाराला बोलू द्यायचं आणि शिक्षिकेला गप्प बसवायचं, हा कुठला इतिहास?

आई-मुलांचं चित्र राज्य वाचवायला वापरलं गेल्याचं उदाहरण तर याहून ठळक आहे. हिऱ्यांच्या हाराच्या फसवणुकीच्या प्रकरणात फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिची अब्रू गेली. ती सावरायला म्हणून एलिझाबेथ विजे ल ब्रन या चित्रकर्तीकडून तिचं मुलांसह मोठं चित्र काढून घेण्यात आलं. मोठी मुलगी आईच्या दंडाला बिलगलेली, आणि शेजारी रिकामा पाळणा, कारण धाकटी सोफी १७८७ च्या जूनमध्ये गेली होती. त्या वर्षीच्या प्रदर्शनात ते मांडायलाही दरबार कचरला. तोवर लोक राणीला 'तुटीची बाई', म्हणजे खजिन्यातल्या तुटीला जबाबदार बाई, म्हणू लागले होते. त्या चित्राचा उद्देश सरकारी होता, यात शंका नाही. पण रिकाम्या पाळण्यामागचं मेलेलं मूल सरकारी नव्हतं. दोन्ही गोष्टी एकाच कॅनव्हासवर आहेत. यांतली एक खरी आणि दुसरी खोटी, असं ठरवायला बसलात की चित्र हातचं जातं. जॉर्जियाना या राणीची मैत्रीण होती, हे जाता जाता सांगतो.

एक जुनं चित्र अजून आहे, आणि दोन्ही चित्रं शेजारी टांगता आली तर मला फार बरं वाटेल. तेही रेनॉल्ड्सचंच, १७५९ ते १७६१ या काळातलं, ऑल्थॉर्पच्या वाड्यातलं. काउंटेस स्पेन्सर आणि तिची छोटी मुलगी. ती छोटी मुलगी म्हणजेच ही जॉर्जियाना. त्याच चित्रकाराने तिला आधी आईच्या कवेतली लेक म्हणून रंगवलं आणि पंचवीस वर्षांनी मांडीवर लेक घेतलेली आई म्हणून. पहिल्या चित्रातली आई आयुष्यभर लेकीला पत्रं लिहीत राहिली, उपदेश करत राहिली, तिच्या जुगाराच्या कर्जांनी हैराण होत राहिली. पाळण्याच्या बाईची ती तक्रारही याच आईला लिहिलेली. दोन चित्रांमधली जागा त्या पत्रांनी भरलेली आहे. रेनॉल्ड्सचे लाल रंग कच्चे होते, त्याने रंगवलेल्या चेहऱ्यांवरची लाली तो जिवंत असतानाच उडायला लागली अशी ओरड होती. पत्रांची शाई मात्र टिकली.

मग पाटीवर लिहायचं काय? मला कुणी विचारलं तर मी आधी बाळाचे हात दाखवीन. मग सांगेन की या मुलीला आईने सासरच्यांच्या मनाविरुद्ध स्वतःचं दूध पाजलं, कारण घराला मुलगा हवा होता. १७८४ च्या वसंतात ही आई रस्त्यावर मतं मागत होती, तिला स्वतःला मत नव्हतं, आणि निवडणुकीच्या मुळाशी हिंदुस्थानचा कारभार होता. वाड्याच्या उत्पन्नात एक्टनच्या तांब्याचा वाटा होता आणि तो दगड फोडणाऱ्यांत बायका आणि मुलं होती. आणि मांडीवरची मुलगी कायद्याने बापाची होती. पाच वाक्यं. यातलं एकही दुसऱ्या चित्राखाली चालणार नाही. यात कुणाला दोषी ठरवलेलं नाही आणि काही लपवलेलंही नाही. पाटी लांबली असं कुणी म्हणालं, तर सरदारांचे किताब एवढ्या ओळी खातात तेव्हा कुणी तक्रार करत नाही, हे मी त्याला दाखवून देईन.

आणि जागा उरली तर एक सहावं वाक्य घालीन. जॉर्जियानाला आणखी एक लेक होती. चार्ल्स ग्रे या तरुण राजकारण्यापासून तिला दिवस गेले तेव्हा नवऱ्याने तिच्यापुढे पर्याय ठेवला: हे बाळ सोड, नाहीतर आधीची तिन्ही मुलं पुन्हा दिसणार नाहीत. कायदा त्याच्या बाजूचा होता. तिला परदेशी धाडण्यात आलं. लिटल जी, जिचे हात आपण चित्रात वर गेलेले बघतो, ती तेव्हा आठ वर्षांची होती. आईला परतायला १७९३ साल उजाडलं. एलायझा जन्मली ती फ्रान्समध्ये, एक्स गावी, आणि तिला ग्रेच्या आईवडिलांकडे वाढायला दिलं. जॉर्जियाना पुढे तिला भेटायला जायची, खाऊ-खेळणी न्यायची. ही बाई कोण, हे मुलीला माहीत नव्हतं. एलायझाचा जन्म २० फेब्रुवारी १७९२ चा. रेनॉल्ड्स, ज्याने या बाईला लेक म्हणूनही रंगवलं आणि आई म्हणूनही, तीन दिवसांनी लंडनला वारला.